निसर्ग वादळात पडलेला फणस: चिरकामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२०

पाऊस एकदाचा गेला. मागच्या परड्यात चिखलात न रुतता उभं राहता येतंय. दोन्ही झाडं ३ जूनला दुपारी जशी पडली तशीच पडून आहेत. फणस मुळांसकट उपटून गडग्यावर आडवा झालाय, आणि त्याच्या पलीकडे रायवळ आंबा कमरेतून मोडलाय. पाच महिन्यांत आम्ही फक्त फांद्या तोडून चुलीला लावल्या. श्रीवर्धन तालुक्यात निसर्ग वादळानंतर आधी छप्पर, मग वीज, मग उरलेलं आयुष्य, असाच क्रम होता. पडलेल्या झाडांकडे बघायला कुणाला वेळ होता?

दोन्ही खोडांच्या फळ्या चिरायच्या ठरवल्या, म्हणून आज टेप लावली. फणसाचा घेर १० फूट ६ इंच, सरळ खोड ९ फूट. वखारीचा हिशेब असा: घेराचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. आले ६२ घनफूट. खरं आकारमान ७९ भरतं. मधले १७ घनफूट चौकोन काढताना सालपटात जाणार, म्हणून आधीच विकणाऱ्याच्या पदरातून वजा. जुनी पद्धत आहे, आणि कुणाच्या सोयीची आहे ते उघड आहे. वजन ओलं असताना दोन टनांच्या आसपास.

आंब्याचा घेर १५ फूट, खोड ८ फूट. वजन चार टन धरलं आणि वही मिटली.

११ नोव्हेंबर २०२०

आरागिरणीवर जाऊन आलो. मालकांनी मोबाईलवर फोटो पाहिले आणि विचारलं, "हे गाडीत घालणार कसं?" प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे यायला पाखाडी आहे, रस्ता नाही. साडेचार फूट रुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा. जेसीबी वरच्या देवळापाशीच थांबतो. आणि गिरणीपर्यंत पोचवला तरी त्यांच्या मशीनवर तीन फुटांवरचा ओंडका बसत नाही. "उभे चार तुकडे करून आणा, लगेच कापून देतो," म्हणाले. चार तुकडे केले की तीन फुटी अखंड फळी संपली. मग चौकटी आणि रिपाच करायच्या, तर त्यासाठी हा फणस कशाला?

म्हणून मशीन लाकडाकडे आणायचं. पुण्याचा मेव्हणा चार वर्षं हेच करतो. त्याला फोन केला.

१३ नोव्हेंबर २०२०

वनखात्याच्या कार्यालयात दुसरी फेरी. फणस आणि आंबा, दोन्ही १९६४च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीतली झाडं. पडलेलं असलं तरी अर्ज, सातबारा, वादळाच्या पंचनाम्याची प्रत जोडली. लाकूड वाडीबाहेर जाणार नाही आणि विकणार नाही, असं लिहून दिलं. वाहतुकीचा परवाना त्यामुळे लागला नाही. कुणी हे काम करणार असेल तर करवतीच्या आधी कागद. उलट्या क्रमाने केलेल्यांच्या गोष्टी तिथे बाकावर बसून ऐकल्या.

१९ नोव्हेंबर २०२०

दिवाळी झाली आणि मेव्हणा आला. गाडी देवळापाशी, तिथून सगळं सामान डोक्यावर. सामान तसं फार नाही: १२० सीसीची चेनसॉ, पाच फुटी बार, आणि त्या बारला दोन्ही टोकांनी पकडणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, जिला ते लोक अलास्कन मिल म्हणतात. चौकट ओंडक्याच्या सपाट पाठीवरून सरकते आणि बार तिच्याखाली ठरलेल्या अंतरावर कापत जातो. जितकं अंतर लावाल तितकी जाड फळी. कल्पना म्हणाल तर रंध्याचीच, फक्त पातं पाच फूट लांब आणि त्याला इंजिन.

पाच फुटांतले आठ इंच पकडीत आणि मशीनच्या तोंडाशी जातात. कापायला उरतात ५२. फणस सहज बसतो. आंब्याचा व्यास ५७ इंच. तो नंतर बघू.

संध्याकाळी सुतारकाका आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आमच्या ओटीचे खांब त्यांच्या वडिलांनी घडवलेले. मशीनभोवती एक फेरी मारली, बारवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आम्ही मांडव घालून ओंडका वर चढवायचो. एकजण वर, एकजण खाली. वरच्याची नजर सुतावर, आणि खालच्याच्या डोळ्यात भुसा." तुम्ही कुठे असायचात, असं विचारलं. "खाली. धाकटा होतो ना."

२० नोव्हेंबर २०२०

आज एकही फळी निघाली नाही. पूर्ण दिवस ओंडका बसवण्यात गेला.

गडग्यावर टेकलेला ओंडका तसाच कापता आला असता, पण खालची बाजू अधांतरी होती. कापता कापता हलला तर दोन टनांपुढे कुणाचा पाय टिकत नाही. आधी मुळांकडचा गड्डा तोडून वेगळा केला. गड्ड्यापासून सगळ्यांना लांब उभं केलं होतं, कारण वजन सुटलं की तो परत खड्ड्यात उभा राहतो. तसाच राहिला, धप्पकन. मग मागच्या ऐनाच्या उभ्या झाडाला चेन कप्पी बांधली, दोन पहारी, चार पाचरी, पाच माणसं. इंच-इंच करत ओंडका चिऱ्यांवर आणला आणि दोन्ही बाजूंनी पाचरी मारून घट्ट केला.

मेव्हण्याने एक टोक मुद्दाम सहा इंच उंच ठेवायला लावलं. मशीन उताराने चालली की तिचं वजनच तिला पुढे ढकलतं, माणसाला रेटावं लागत नाही. उद्या कळेल.

२१ नोव्हेंबर २०२०

पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा, कारण ओंडक्याला अजून सपाट पाठच नाही. त्यासाठी वर दोन चौकोनी लोखंडी पाइप आडव्या पट्ट्यांवर बसवून रूळ केले आणि लेव्हल लावली. सुतारकाकांचा लेव्हलवर विश्वास नाही. त्यांनी दोन्ही टोकांना ओळंबा सोडला, कावेत भिजवलेली दोरी ताणून सूत मारलं, आणि मग मान हलवली. दोघांचं एका सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, जुळलं.

साडेदहाला सुरुवात. दाणेदार भुसा उडेल असं वाटलं होतं, निघाली हळदीसारखी पूड. नेहमी झाड आडवं तोडतो तेव्हा दात शिरांना बाजूने छेदतात. इथे मशीन लाकडाच्या लांबीने पुढे जाते, म्हणून दात सतत शिरांच्या टोकांशी झुंजतात. त्यामुळे काप संथ आणि इंजिन कायम पूर्ण जोरात. दुकानात मिळणाऱ्या चेनचे दात ३० अंशांत घासलेले असतात, ही १० अंशांवर आणलेली. काप त्याने गुळगुळीत येतो.

वेग मिनिटाला जेमतेम सहा-सात इंच. नऊ फुटांना सतरा मिनिटं लागली आणि टाकी संपली. १.३ लिटर. काप पुढे गेला की दीड-दोन फुटांवर मागच्या फटीत पाचर सरकवायची, नाहीतर वरचं लाकूड बसतं आणि चेन आवळते. ते काम माझं. मेव्हणा इंजिनाकडे, मी दुसऱ्या टोकाच्या मुठीवर, अधूनमधून पाचर. कानाला मफ, तोंडाला मास्क. यंदा मास्कची कमतरता नाही.

सालपट उचललं आणि खाली फणसाचा गाभा दिसला. रंग लिहून सांगता येत नाही. पिकल्या काप्या फणसाच्या गऱ्यापेक्षा गडद, ताज्या हळदीपेक्षा उजळ. कडेला दोन-अडीच इंच फिकट लाकडाचं कडं, बाकी सगळं सोनं. पाच महिने पावसात पडून गाभ्याला काही झालेलं नाही. सालीखालचं फिकट लाकूड मात्र बोटाने खरवडतं.

दिवसभरात तीन काप. मध्ये प्रत्येक वेळी चेन घासणं. ऐंशीवर दात, प्रत्येकाला साडेपाच मिलिमीटरच्या गोल कानशीचे तीन-तीन फटके. "दाजी, चेन तुम्ही घासायची," असं मेव्हण्याने सकाळीच ठरवून टाकलं होतं. माझ्या बोटांचं वय संध्याकाळी सुतारकाकांइतकं झालं.

२२ नोव्हेंबर २०२०

काल काढलेल्या फळीच्या मध्याजवळ एक काळसर निळा ओघळ होता, हातभर लांब. मला वाटलं पाणी मुरलंय. मेव्हण्यालाही तसंच वाटलं. सुतारकाका सकाळी आले नव्हते.

चौथ्या कापात साडेतीन फुटांवर आवाज बदलला. ठिणग्या दिसल्या असं मी म्हणतो, मेव्हणा म्हणतो नाही. चेन थांबेपर्यंत पंचवीस-तीस दातांची टोकं गेली होती. पाचरी मारून बार मागे काढला. दुपारी सुतारकाकांनी कालची फळी उन्हात तिरकी धरून पाहिली आणि एवढंच विचारलं, "हा डाग काल दिसला नव्हता?" लाकडातला रस लोखंडाला लागला की काळा पडतो आणि शिरांच्या वाटेने वर-खाली पसरतो. लोखंड दिसायच्या आधी फूटभर त्याची सावली दिसते. आम्ही ती हातात धरून बसलो होतो.

पटाशीने खणत गेलो. आत आकडा निघाला, अंगठ्याएवढा जाड, घडीव. आईला दाखवला. "हा आत्याच्या पाळण्याचा. उन्हाळ्यात तिला फणसाखाली निजवायचे." आत्या आता सत्तरीच्या. तो आकडा तेव्हा सालीवर होता, झाडाने वर्षागणिक त्याला पोटात घेतलं. बाहेरून खूणही नव्हती. लोहचुंबक लावून आधी तपासलं होतं, पण इतक्या खोलवरचं त्याला काय कळणार.

दुसरी चेन घातली. पहिली पुण्यात जाऊन मशीनवर घासून घ्यावी लागेल. आकड्याच्या वर-खाली दोन इंच सोडून काप पुढे नेला. त्या फळीला आता एक खड्डा आणि काळी शेपटी आहे.

२४ नोव्हेंबर २०२०

फणस संपला. अकरा कापांत दहा फळ्या, अडीच-अडीच इंची, सगळ्यात रुंद ३८ इंच. प्रत्येक कापाला तीन सूत लाकूड भुशात जातं. अकरा कापांचे चार इंच, म्हणजे जवळजवळ दीड फळी आम्ही उडवली. गिरणीच्या पट्टा करवतीत याच्या तिसरा हिस्सा वाया गेला असता. हा या पद्धतीचा खरा खर्च. पेट्रोल पंधरा लिटर झालं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. भुशाचा ढीग बघून सुतारकाकांना मात्र वाटतं.

भुशाचं एक. आईने तो गोठ्यात पसरायला नेला, त्यावर पाणी पडलं आणि ओघळ पिवळाजर्द वाहिला. म्यानमारकडे बौद्ध भिक्षूंची चीवरं परंपरेने फणसाच्या गाभ्याच्या रंगात रंगवत आलेत. माझा पांढरा बनियन न विचारता दीक्षित झाला.

मधली फळी बाजूला ठेवली. तिच्यात झाडाचा केंद्रबिंदू आहे, ती तडकणार हे नक्की. फळ्या उचलायला सहा माणसं लागतात, ओली एकेक दीडशे किलोंच्या घरात.

२६ नोव्हेंबर २०२०

आंबा. थोडक्यात लिहितो, कारण लिहावंसं वाटत नाही.

५७ इंचांचं खोड ५२ इंचांच्या बारमध्ये बसवायला दोन बाजूंनी उभे काप घेऊन अंग उतरवलं. अर्धा दिवस. पहिला आडवा काप चार फुटांवर गेला आणि चेन अचानक घसरायला लागली. कापत नाही, नुसती तापते. पूड पिवळी नाही, तांबडी. आत पोकळी, आणि पोकळीत वाळवीने भरलेली माती. मातीत चेन गेली की ती कानस लावल्यासारखी बोथट होते, फक्त उलट्या बाजूने. घासली, दोन फूट गेलो, पुन्हा माती.

पोकळीच्या बाहेरचं लाकूड तरी? पाच महिन्यांच्या पावसाने निळं-करडं झालेलं, आणि खोड पोखरणाऱ्या भिरुडाची भोकं करंगळी जाईल एवढी. आंब्याचं लाकूड फणसासारखं वाट बघत नाही. पडल्यावर पंधरा-वीस दिवसांत चिरलं असतं तर सोन्यासारख्या फळ्या निघाल्या असत्या. जूनमध्ये मात्र आम्ही कौलं शोधत होतो.

चार टनांतून तीन फळ्या. त्यातली एक सुंदर आहे, बुरशीच्या काळ्या रेषा नकाशासारख्या पसरलेल्या. बाकी सरपण. आई म्हणाली, "दोन पावसाळे चुलीची चिंता नाही." तिचा सूर तक्रारीचा नव्हता, मला मात्र तसा ऐकू आला.

२९ नोव्हेंबर २०२०

थप्पी लावली. जागा गोठ्यामागची, सावलीची, वारा खेळता. खाली चिरे एका पातळीत, त्यावर फळी, तिच्यावर दर दीड फुटाला इंच-इंच जाडीच्या सुक्या पट्ट्या, मग पुढची फळी. सगळ्या थरांतल्या पट्ट्या उभ्या एका रेषेत हव्यात. एक पट्टी इकडे-तिकडे झाली की वरचं वजन फळीला तिथे वाकवतं आणि ती त्याच आकारात सुकते. दोन वेळा थप्पी उतरवून पुन्हा लावली. टोकांना जुना ऑइलपेंट दोन हात, कारण लाकूड टोकांकडून भराभर सुकतं आणि तिथूनच फाटतं.

फळ्या रचण्याआधी बोरॅक्स दीड वाटा, बोरिक अ‍ॅसिड एक वाटा, गरम पाण्यात विरघळवून ब्रशने सगळ्या अंगांना पाजलं. लाकूड ओलं असतानाच हे आत मुरतं, सुकल्यावर लावलं तर वरच राहतं. आंब्याच्या फळ्यांना दोनदा. फणसाला सुतारकाका नको म्हणत होते, "त्याला कीड हात लावत नाही." गाभ्याला नसेल लावत, पण कडेच्या फिकट लाकडाची खात्री मला नव्हती.

वरून पत्रा, पत्र्यावर चिरे. ओलावा मोजायचं मीटर टोचलं, काट्याने वरचं टोक गाठलं. तीस टक्क्यांच्या वर ही मीटरं अंदाजच सांगतात.

मेव्हणा दुपारी गेला. जाताना म्हणाला, "आता दर इंचाला एक वर्ष धरा." म्हणजे अडीच वर्षं. मी मान डोलावली आणि मनात दीड म्हटलं.

१८ मे २०२१

तौक्ते काल समुद्रातून वर गुजरातकडे गेलं. इथे रात्रभर वारा. निसर्गाइतका नाही, पण मे महिन्यात झोप उडवायला पुरेसा. सकाळी पत्रे शेजारच्या सुपारीच्या वाडीत सापडले. थप्पी जागची हलली नव्हती, दीड टन वजन आहे. पाणी मात्र वरच्या तीन फळ्यांवरून वाहिलंय. पुसून पुन्हा झाकलं, या वेळी पत्रे काथ्याच्या दोरीने थप्पीलाच आवळले.

वादळाच्या आदल्या आठवड्यातलं वाचन: वरच्या फळ्या २१, मधल्या २६.

१९ सप्टेंबर २०२१

गणपती आज गेले. मीटर २२–२३. मे महिन्यापासून जवळपास तिथेच. कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड सुकत नाही, उलट वरचा थर थोडा पितं. पुण्यातल्या माणसाचा दर इंचाला वर्षाचा हिशेब इथे बारा महिन्यांचा नसून आठ महिन्यांचा आहे. हे आधी कळलं असतं तर चिरकामाला ऑक्टोबरमध्येच हात घातला असता.

एका पट्टीखाली पांढरी बुरशी. पट्टी ओली होती, माझाच आळस. सगळ्या पट्ट्या बदलल्या. अर्धा दिवस, चार माणसं, दोन किलो भजी.

१३ फेब्रुवारी २०२२

मीटर १६. कडेला १५.

मधली फळी केंद्रातून पाच फूट उभी फाटली, फटीत पाच रुपयाचं नाणं सहज जातं. बाकी नऊपैकी सात सरळ. दोन खोलगट झाल्या, अर्ध्या इंचाने. रंगाचं आश्चर्य: वरच्या अंगाचं सोनं गेलं, गुळाच्या ढेपेचा तपकिरी आला. आतून अजून पिवळ्याच आहेत, रंधा मारला की दिसतं.

आकड्याची फळी सुतारकाकांना दिली, त्यांनीच मागितली होती. खड्डा चिंचेच्या लाकडाच्या ठिगळाने बुजवून त्याचा पाट करणार म्हणाले.

१ मे २०२२

३८ इंची फळीचं वाचन १४. इथल्या हवेत याच्याखाली फारसं जाणार नाही, म्हणून कामाला घेतली. माजघरातलं जेवणाचं टेबल. राउटरला, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड खरवडणाऱ्या हातमशीनला, दोन रुळांवर चालणारी चौकट केली (मिलचाच धाकटा भाऊ) आणि दोन दिवस दोन्ही अंगं सपाट केली. अडीच इंचांची फळी सव्वादोनवर आली. एका टोकाला बारीक चीर होती, तिच्यावर डमरूच्या आकाराच्या दोन ठोकळ्या ऐनाच्या बसवल्या. सुतारकाकांनी किकऱ्याने घर खणलं, मी ठोकळ्या घासल्या. पहिली सैल झाली. ती काढून फेकली.

पॉलिश उद्या. फळी खळ्यात उन्हात ठेवलीय.

२ मे २०२२

पॉलिश नाही. मी सकाळी तेल आणायला गेलो होतो. आईला खळ्यात तीन फूट रुंद, स्वच्छ, गुळगुळीत, उन्हातली फळी दिसली. कोकमं फोडून तयार होती. साधारण पाच किलोंची सालं तिने मिठात घोळून ओळीने वाळत घातली.

रस चार तास मुरला. जांभळे गोल डाग, एकात एक. रंधा मारून सूतभर लाकूड काढलं, अर्धे गेले. अजून सूतभर काढायचं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. सुतारकाका आईच्या बाजूने आहेत. आमसुलं चांगली झालीयत.